दोनदा सरकवलेला उपसूर्य

शके १९०४ च्या आमच्या पंचांगात एक महिना चुकला होता. तो माझ्या हातून चुकला. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही, बायकोजवळही नाही. ज्यांच्याजवळ बोलायलाच हवं होतं ते अण्णा आता नाहीत.

मला ओळखणारे लोक मला सातपूरच्या एका कारखान्यातला स्टोअर्सचा माणूस म्हणून ओळखतात. नट, बोल्ट, हातमोजे, कटिंग ऑईलचे डबे. त्या नोकरीत अभिमान वाटावा असं काही नाही आणि लाज वाटावी असंही काही नाही, म्हणून तर ती धरली. त्याआधी दहा-अकरा वर्षं मी पंचांगाचा गणक होतो. या दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी मागितल्या तेव्हा संपादकांना स्टोअर्समधल्या गमती हव्या असणार. त्या दुसरा कुणीही लिहील.

पंचांग म्हटलं की बाहेरच्या माणसाला भविष्य आठवतं. आमचा भविष्याशी संबंध नव्हता. एसटीच्या स्टँडवर वेळापत्रकाचा फळा असतो ना, तसा आमचा आकाशाचा फळा. सूर्य कधी उगवणार, तिथी कधी संपणार, चंद्र कोणत्या नक्षत्रात, एवढंच. ते एक वर्ष आधी काढून, छापून, पाडव्याच्या आत जिल्ह्यातल्या भटजींच्या आणि दुकानदारांच्या हातात द्यायचं. पुढे त्या आकड्यांवर लोक काय काय टांगत, तो त्यांचा प्रश्न, असं मी तेव्हा म्हणत असे.

अण्णांचं बिऱ्हाड आणि कचेरी एकच. रविवार कारंज्याच्या मागे, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली तांबट हंडे ठोकत असत आणि वर आम्ही लॉगची पुस्तकं उलटत असू. सुरुवातीला माझं डोकं उठायचं. पुढे इतकी सवय झाली की अमावास्येला दुकान बंद असलं की बेरीज चुकायची.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. सातपूरला नवी भट्टी टाकणारे एक शेठ आले. म्हणाले, "अण्णा, भट्टी पेटवायचा मुहूर्त द्या. पण सातच्या आत बसवा. सातला पहिली पाळी लागते, माणसं खोळंबून चालणार नाहीत."

अण्णांनी मान वर केली नाही. "बरं. सूर्याला सांगतो, त्या दिवशी तिसऱ्या पाळीला ये."

विंचूरचा एक कांद्याचा अडत्या दरवर्षी यायचा आणि दरवर्षी एकच विचारायचा, माल कधी काढू? अण्णा दरवर्षी एकच उत्तर द्यायचे, "आमच्याकडे तिथी मिळते. भाव शेजारी विचारा." तो हसायचा, पंचांग घ्यायचा आणि पुढल्या वर्षी परत यायचा.

आमच्याकडे एक शिस्त होती. प्रत्येक आकडा दोन हातांनी काढायचा. मी काढलेला अण्णांनी बघायचा नाही, अण्णांनी काढलेला मी बघायचा नाही. शेवटी समोरासमोर बसायचं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने नुसतं 'हं' म्हणायचं. 'हं' आलं नाही की दोघांनी पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून. याला ते दोन हातांचा ताळा म्हणत. मी एकदा घाईत म्हणालो, "अण्णा, मीच दोनदा करून बघतो की." तर म्हणाले, "एकाच माणसाने दोनदा केलेलं गणित हे एकदाच केलेलं गणित असतं, दिगंबर. तू पुन्हा त्याच खड्ड्यात त्याच पायाने पडणार."

आता थोडं आकाशाचं सांगावं लागेल. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती वाट नेमकी गोल नाही, जरा चेपलेली आहे. त्यामुळे वर्षातून एकदा आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ जातो. त्या जागेला उपसूर्य म्हणतात. आपण तिथे पोहोचतो जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन थंडीत. अण्णा हे मला पहिल्यांदा समजावून सांगत होते तेव्हा काकू दारात बसून गाजरं किसत होत्या. म्हणाल्या, "सूर्य जवळ आलाय म्हणे! मग माझी बोटं का वाकेनात?" अण्णा म्हणाले, "जवळ आलेला प्रत्येक जण ऊब देतोच असं नाही." काकूंनी ते स्वतःवर घेतलं आणि दुपारपर्यंत बोलल्या नाहीत.

उपसूर्यापाशी पृथ्वी पळते. म्हणजे आपल्याला सूर्य राशींमधून पळताना दिसतो. एका राशीतून तो दुसरीत शिरला की ती संक्रांत. आणि आपला महिना चंद्राचा, अमावास्येपासून अमावास्येपर्यंत. दर महिन्यात एक संक्रांत पडते, तिच्यावरून महिन्याला नाव मिळतं. एखाद्या महिन्यात संक्रांत पडलीच नाही तर तो अधिक महिना. हे सगळ्यांना माहीत असतं, जावयाला वाण देतात. पण उपसूर्याच्या आसपास सूर्य इतका पळतो की कधी कधी एकाच महिन्यात दोन संक्रांती सापडतात. मग दोन महिन्यांचा मिळून एक होतो, एक गळून जातो. तो क्षयमास. कधी एकोणीस वर्षांनी येतो, कधी एकशे एक्केचाळीस वर्षांनी. गणकाच्या आयुष्यात एकदा आला तर आला.

शके १९०४ मध्ये तो येणार अशी आमच्या धंद्यात कुजबुज होती. पौष आणि माघ यांचा मिळून एक, आणि त्यापुढे फाल्गुन अधिक. पण अंतर फार थोडं होतं. दुसरी संक्रांत अमावास्या संपायच्या जेमतेम आधी पडत होती. ती थोडी पुढे सरकली की क्षय नाही, पुढचा अधिकही नाही. मग पौष, माघ, फाल्गुन नेहमीसारखे.

आणि उपसूर्यही जागेवर बसून राहत नाही. दरवर्षी केसभर पुढे सरकतो. आमची कोष्टकं अण्णांच्या गुरूंच्या काळातली, कुठल्याशा जुन्या वर्षासाठी मांडलेली. म्हणून गणित सुरू करताना पहिलं काम हे, की मधल्या वर्षांची सरक उपसूर्यात मिळवायची. अण्णांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. माझा हात ती झोपेतही करायचा.

त्या साली अण्णांनी कोष्टकं नव्याने लिहून काढली होती. जुने कागद हात लावला की तुटत होते. मी लग्नासाठी महिनाभर गावी गेलो होतो, तेवढ्यात त्यांनी एकट्याने ते काम उरकलं. उरकलं म्हणजे अक्षरशः उरकलं, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी परत आलो तेव्हा त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन त्यावर हिरवी पट्टी होती. ऑपरेशन बिघडलं. तो डोळा गेलाच आणि दुसरा अंधूक झाला. त्यानंतर त्यांनी आकडा वाचला नाही.

मग ताळा कोण करणार? अण्णा म्हणाले, "मेरीच्या, त्या इंजिनिअरिंगच्या संशोधन संस्थेच्या बाजूला एक निवृत्त गणिताचे मास्तर आहेत. त्यांना बोलव, दोन महिने बसतील." मी हो म्हणालो. मास्तरांकडे गेलो नाही. त्यांना जिना चढवत नाही, मीच कागद त्यांच्या घरी नेतो, असं अण्णांना सांगितलं. नवीन लग्न, अंगात मस्ती, आणि मनातून वाटत होतं की आता हे माझं पंचांग आहे, त्यात तिसरा कशाला. ताळा मीच केला. दोन्हीकडे आकडे तंतोतंत जुळले. जुळणारच. मी नव्या कोष्टकातला उपसूर्य घेतला आणि त्यात मधल्या वर्षांची सरक मिळवली, पहिल्या वेळी आणि दुसऱ्या वेळीही. ती सरक अण्णांनी कोष्टकं लिहितानाच मिळवून ठेवली होती हे मी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं.

इतर कुठल्या वर्षी एवढ्या फरकाचं कुणाला काही नसतं. संक्रांत काही मिनिटं उशिरा लिहिली गेली असती आणि बायकांनी तिळगूळ तेवढ्याच आनंदाने वाटला असता. त्या वर्षी त्या मिनिटांत एक महिना बसलेला होता. माझ्या गणितात दुसरी संक्रांत अमावास्येच्या पलीकडे गेली. क्षय नाही.

मी आनंदाने ओरडलोच. "अण्णा, सगळे चुकणार! क्षय नाहीच!"

त्यांनी विचारलं, "अंतर किती?"

"थोडंच आहे. पण आहे."

"ताळा?"

"झाला."

"दोन हातांचा?"

"हो."

एवढंच संभाषण. त्यावर पंचांग छापायला गेलं.

पाडव्याच्या सुमाराला सगळ्यांची पंचांगं बाजारात आली आणि गहजब झाला. बाकी सगळीकडे माघ गळलेला आणि फाल्गुन अधिक. आमच्याकडे सरळ पौष, माघ, फाल्गुन. म्हणजे आम्ही ज्याला माघ म्हणत होतो तो इतरांच्या हिशेबी अधिक महिना, मलमास. त्यात लग्न लावत नाहीत, कुठलंच शुभकार्य करत नाहीत. भटजी विचारायला येऊ लागले. काही दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले. शेवटी गावातल्या शास्त्रीमंडळींनी पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात सभा बोलावली.

सभेला मी अण्णांचा हात धरून चालत निघालो. पुलावर आलो तेव्हा ते मजेत होते. भांडणाने त्यांना नेहमीच तरतरी यायची. म्हणाले, "ते उपसूर्याच्या सरकेवर बोट ठेवतील बघ. पहिला घाव तिथेच घालतात. पण तिथे आपलं घर पक्कं आहे. ती मी कोष्टकातच मिळवून ठेवलीय, दरवर्षीची कटकट नको म्हणून. तुला सांगायचं राहिलंच की काय? पण तू पाहिलं असशीलच."

मी म्हणालो, "हो, पाहिलं."

खाली नदीला तेव्हा पाणी नव्हतं, नुसता गाळ आणि शेवाळ. ते मी पाहिलं आणि कार्यालय येईपर्यंत दुसरं काही पाहिलं नाही. माझ्या तळव्याला घाम सुटला होता. अण्णा म्हणाले, "घाबरू नकोस रे."

सभेत जे व्हायचं तेच झालं. मोठ्या पंचांगाच्या बाजूचे एक शास्त्री होते, आवाज खणखणीत. म्हणाले, "अण्णा, तुमचं वय झालं, डोळे गेले. तुम्ही या वर्षी एक आकडा तरी स्वतः पाहिलात का?"

"नाही."

"मग कुणाच्या भरवशावर उभे आहात?"

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "याच्या. विचारा त्याला."

शास्त्री माझ्याकडे वळले. "काय हो, तुमच्या घराची शिस्त आम्हालाही ठाऊक आहे. ताळा दोन हातांचा आहे?"

मी उभा राहिलो. समोर शे-सव्वाशे माणसं. चूक झाली, एवढे दोन शब्द बोलायचे होते. फार तर हशा झाला असता, गठ्ठे परत आले असते, एक शुद्धिपत्राची पट्टी छापून पंचांगात चिकटवली असती. पाडवा होऊन गेला होता, पण माघाला अजून दहा महिने होते. सगळं सावरलं असतं.

"आहे," मी म्हणालो.

"बसा," शास्त्री म्हणाले. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. आमच्या धंद्यात दोन हातांच्या ताळ्यापुढे बोलत नसत.

मखमलाबादचे नामदेवतात्या फुलांची शेती करायचे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. दर पाडव्याला अण्णांच्या दाराला त्यांचं तोरण असायचं आणि त्यांच्या घरातलं कुठलंही कार्य अण्णांना विचारल्याशिवाय व्हायचं नाही. त्यांची धाकटी मुलगी सुमन हिचं लग्न विंचूरच्या बाजूला ठरलं होतं. मुहूर्त आमच्या पंचांगातला, आमच्या माघातला. थंडीच्या सुरुवातीला तात्या आले. टोपी हातात.

"अन्ना, सोयऱ्यांचा भटजी म्हनतो, ह्यो मलमास हाय. माघ गळाला म्हनतो. असा कसा गळंल महिना? पिशवीला भोक पडलं व्हतं का काय?"

अण्णा हसले. "तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हनलं, आमचे अन्ना सांगतील त्ये खरं. पर तिची व्हनारी सासू लय बोलती. मला एवढंच सांगा, मांडव घालू का नको?"

अण्णांनी माझ्या दिशेने तोंड केलं. दिसत नव्हतं, तरी ते बोलताना त्या दिशेने तोंड करायचे. "दिगंबर, सांग तात्यांना."

मी म्हणालो, "आपल्या गणिताप्रमाणे माघच आहे."

'आपल्या गणिताप्रमाणे'. हा शब्द मी आधीच शोधून ठेवला होता. तो खोटा नव्हता. अशा शब्दांवर माणूस बरेच दिवस काढू शकतो.

"झालं तर मग," अण्णा म्हणाले. "तात्या, माझ्या शब्दावर मांडव घाला."

लग्न झालं. मी जेवायलाही गेलो होतो. जिलबी होती.

त्यानंतर दीडेक वर्षाने तात्या पुन्हा आले ते फुलं न घेता. काकूंनी पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. "पोरीचं मूल गेलं, अन्ना. सातव्या महिन्यात. सासू म्हनती, मलमासात आनलेली, दुसरं काय व्हनार. महिना झाला, आमच्याकडंच धाडून दिलीय." मग म्हणाले, "तुमाला दोष द्याया नाय आलो. फकस्त इचाराया आलो. तुमचं पंचांग खरं व्हतं ना? तसं जाऊन त्यास्नी सांगतो."

महिन्याने मूल जात नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी खरं बोललो तर ती सासू खरी ठरेल, असं मी त्या क्षणी स्वतःला समजावलं. विचार म्हणून तो वाईट नाही. मात्र तो मला सुमनची काळजी वाटून सुचला नव्हता.

अण्णांनी तात्यांसमोरच मला विचारलं. "दिगंबर, शेवटचं विचारतो. ताळा दुसऱ्याच्या हातचा होता ना? मास्तरांच्या?"

"हो, अण्णा."

ते मान हलवत राहिले. "मग गणित बरोबर आहे. तरी सगळ्यांत आपलंच वेगळं, म्हणजे मूळच चुकलं. कोष्टकं मी लिहिली तेव्हा डोळ्यांवर पडदा आला होता. माझ्याच हाताने कुठेतरी एकाचा नऊ झाला असणार." आणि तात्यांना हात जोडले. "तात्या, बाकीचे सगळे बरोबर होते. पंचांग खोटं होतं. चूक माझी आहे. तुमच्या व्याह्यांना माझं नाव सांगा. पोरीला म्हणावं, तिचा दोष नाही, म्हाताऱ्याचे डोळे गेले होते."

तात्या उठले. दारात टोपी घातली आणि जिना उतरले. त्यानंतर त्या दारावर तोरण आलं नाही.

पंचांग त्या वर्षी बंद झालं. शेवटच्या अंकात अण्णांनी चार ओळी छापल्या, की शके १९०४ चा दोष आमच्या स्वतःच्या हातचा आहे, गणकाचा नाही. 'गणकाचा नाही' हे त्यांनी मुद्दाम घातलं, मला पुढे कुठे काम मिळावं म्हणून. त्या ओळी त्यांनी सांगितल्या आणि मी लिहून घेतल्या. मुद्रितं मीच तपासली. एकही चूक नव्हती.

मग एका सकाळी मी गेलो तर काकू बंब पेटवत होत्या. शेजारी कोष्टकांचे गठ्ठे. काकू म्हणाल्या, "त्यांनीच सांगितलंय. कुणाच्या हातात पडून आणखी कुणाचं वाटोळं नको म्हणतात." अण्णा आत खाटेवर बसले होते, आंघोळीच्या पाण्याची वाट बघत. मी तिथेच उभा होतो. अण्णांचं वीस-बावीस वर्षांचं काम त्या आकड्यांवर उभं होतं आणि त्यांत एकाचा नऊ कुठेही झालेला नव्हता. मी नंतर गुपचूप सगळं तपासलं होतं. पान न् पान बरोबर होतं. काकूंनी पहिला गठ्ठा मोडून आत सरकवला आणि मला म्हणाल्या, "उभा काय राहिलास, त्या दोऱ्या सोड." मी दोऱ्या सोडून दिल्या.

सातपूरला लागलो तेव्हा स्टोअर्समध्ये माझ्याबरोबर एक गायकवाड होते. बौद्ध कॉलनीत राहायचे. मी आधी काय करत होतो ते ऐकून म्हणाले, "आमच्याकडे मुहूर्त बघत नाहीत, साहेब. रविवार बघतो. सुट्टी असते." मी खूप हसलो. ते माझ्याकडे बघत राहिले, कारण हसण्यासारखं एवढं काही नव्हतं.

अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी रोज जात होतो. पाय चेपायचो, वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. पुष्कळदा खोलीत आम्ही दोघंच असायचो. काकू एकदा शेजारणीला म्हणाल्या, "पोटच्या पोराने केलं नसतं एवढं करतो." लोकांना सेवा दिसली. मी तिथे दुसरंच काहीतरी सांगायला जात होतो आणि रोज पाय चेपून परत येत होतो.

तेव्हा आज छापून सांगतो. अण्णांची कोष्टकं बरोबर होती. त्यांच्या डोळ्यांनी शेवटपर्यंत चूक केली नाही. उपसूर्य त्यांनी एकदा सरकवला होता, तो मी दुसऱ्यांदा सरकवला. ताळा दोन हातांचा नव्हता. मास्तरांना मी कधी बोलावलंच नाही.

पण दिवाळी अंक सुमन वाचत नाही. विंचूरच्या लोकांनी तिला परत नेलं नाही, तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न लावलं. तात्या गेल्यावर मळा भाऊ बघतो आणि ती फुलबाजारात बसते. सणावाराला मी तिथे जातो आणि तिच्या पुढ्यातल्या टोपलीतून फुलं घेतो. ती मला ओळखत नाही. तिच्यासमोर उभं राहून, तुझ्या लग्नाचा महिना मी चुकवला आणि अण्णांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो, हे तोंडाने सांगायचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.